खाली बसायला कोलंबोला

नेरमध्ये बाबारावांना ओळखत नाही असा माणूस एक तर नुकता बदलून आलेला असतो, नाही तर त्याच्या अंगणात बोअर असते. नोकरीभर बाबाराव नगरपरिषदेचे वॉलमन होते. टाकीपासून निघणाऱ्या पाइपांचे वॉल फिरवायचे आणि कुठल्या वस्तीला कधी पाणी सोडायचं ते बघायचं, हे त्यांचं काम. लोखंडी चावी सायकलच्या दांडीला बांधून हा किडकिडीत माणूस निघाला की बाया घागरी घासायला घेत. उन्हाळ्यात त्यांना आमदारापेक्षा जास्त नमस्कार मिळत, आणि आमदाराला कोणी तोंडावर म्हणत नाही ते सगळं त्यांना ऐकावं लागे. "तिकडच्या मोहल्ल्यात जास्त वेळ सोडता जी तुमी," ही तक्रार त्यांच्याकडे प्रत्येक मोहल्ल्याने केली होती. त्यावरून वाटणी बरोबर होत असावी, असा त्यांचा निष्कर्ष होता.

या नोकरीने त्यांना गावाबाहेर पडू दिलं नाही. सासुरवाडीचं लग्न असलं तरी पाणी सोडून जायचं आणि पुढच्या पाण्याआधी परत यायचं. निवृत्त होईपर्यंत त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास म्हणजे नागपूरची दीक्षाभूमी, वर्षातून एकदा.

त्यांचं दुसरं काम बिनपगारी होतं आणि त्यातून निवृत्ती नव्हती. ते बौद्धाचार्य होते. लग्न असो, नामकरण असो की माणूस गेल्यावरचं पुण्यानुमोदन, दर वेळी भिक्खू कुठून आणणार? मग समाजातलाच एखादा तयार झालेला गृहस्थ पांढरा सदरा घालून बुद्धमूर्तीशेजारी वर, लोकांकडे तोंड करून बसतो, पालीतली वंदना सांगतो आणि समोर सतरंजीवर बसलेले लोक ती मागून म्हणतात. बाबारावांचा आवाज त्यांच्या देहाला अजिबात शोभत नसे. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला पत्ता लागत नसे. "बाबारावजी आले म्हन्जे मानूस नीट जाते," असं नेरमध्ये म्हटलं जाई, आणि हे कौतुक समजलं जाई.

तुळसाबाई, म्हणजे त्यांची बायको, प्रत्येक कार्यक्रमाला मागे दाराशी बसत. बाबारावांचं भाषण लांबलं की त्या पदर दोनदा सारखा करीत. हे 'आवरा' असं सांगणं फक्त दोघांनाच कळत असे, निदान दोघांची तशी समजूत होती. मूलबाळ नव्हतं. बोलायला एकमेकंच होती, आणि बोलणं बहुतेक कोणाच्या घरी नळ आला नाही यावर होई.

मागल्याच्या मागल्या उन्हाळ्यात तुळसाबाई गेल्या. ताप आला, यवतमाळला नेलं, तिथून परत आणलं ते घरी ठेवायलाच.

पुण्यानुमोदनाला एक भिक्खू, भन्तेजी, येणार होते, ते दुसरीकडच्या कार्यक्रमात अडकले. गावातला दुसरा बौद्धाचार्य मुलीच्या बाळंतपणासाठी सुरतेला. मांडव भरलेला, ऊन वर चढत चाललेलं, स्वयंपाक झाकून ठेवलेला. लोकांनी नुसतं बाबारावांकडे पाहिलं. मग कोणीतरी वंदनेची पुस्तिका त्यांच्यासमोर आणून ठेवली. तिची त्यांना कधी गरज पडली नव्हती, पण ठेवण्याचा अर्थ स्पष्ट होता. बाबाराव आत गेले, पांढरा सदरा घालून आले आणि समोर जाऊन बसले. सगळा विधी केला. शेवटी दुःखात सहभागी झाल्याबद्दल उपस्थितांचे आभारही त्यांनीच मानले. ज्याचं दुःख होतं तो आणि आभार मानणारा एकच आहे, हे बहुधा त्यांच्याही लक्षात आलं नाही.

निघताना लोक हात हातात घेऊन म्हणत होते, "खणखणीत म्हटलं जी बाबारावजी. एक शब्द हालला नाही."

"मी हो म्हनलं," बाबारावांनी मला एसटी स्टँडसमोरच्या टपरीवर सांगितलं. "काहून का, खरंच हालला नोहता."

पहिल्या स्मृतिदिनाची त्यांनी आधीपासून तजवीज केली. पांढरकवड्याच्या इंद्रजितला सांगितलं. तरुण पोरगा, नवा बौद्धाचार्य, स्वतःची गाडी, आवाज बरा. तो वेळेवर आला, मूर्तीला फुलं वाहिली, समोर बसला, लोकांवरून नजर फिरवली आणि बाबाराव दिसताच हात जोडून उठला.

"तुमी असतानी मी काय म्हनाव जी? तुमच्याजवळच तं शिकलो."

"अरे, आज तू म्हन बाबू. मी बसतो."

"नाही जी. बरं नाही दिसत."

आमच्या भागात पानाला नाही म्हणता येतं, मानाला नाही. नाही म्हटलं तर देणाऱ्याचा अपमान, आणि तोही चारचौघांत. इंद्रजितने जागा सोडली, सतरंजीवर बाबारावांची जागा होती तिथे येऊन बसला, आणि बाबाराव उठून पुन्हा वर जाऊन बसले. त्या दिवशी त्यांना कळून चुकलं की यवतमाळ जिल्ह्यात, आणि शेजारचा अमरावती धरला तरी, स्वतःच्या बायकोच्या विधीला आपल्याला खाली बसता येणार नाही.

हे त्यांनी पहिल्यांदा बोलून दाखवलं ते उर्वशीला. ती त्यांच्या बहिणीची मुलगी, पुण्याला कंपनीत कामाला, रविवारी न चुकता फोन करणारी.

"मले एक डाव खाली बसाचं हाये बाई. लोकं बसतेत तसं. बाकी काही नाही."

"मग बोधगयेला जाऊन या ना मामाजी."

"तिथं आपल्याकडच्या बसाच्या बसा जातेत. उतरल्या उतरल्या कोनीतरी म्हनन, अरे बाबारावजी, या, या, समोर या."

"मग श्रीलंकेला जा," उर्वशी हसून म्हणाली.

बाबाराव हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "तिथं आपलेच लोक हायेत नं?"

"जवळजवळ सगळे बौद्धच."

"मंग ठीक हाये."

पासपोर्ट, व्हिसा, वर्ध्याहून चेन्नईची गाडी आणि पुढचं सगळ्यांत स्वस्त विमान हे उर्वशीने पाहिलं. हॉटेलवर मात्र मामा अडून बसले. "हॉटेल कायले? विहार नाही का? विहारात पडू."

यात त्यांचं चुकत नव्हतं, चुकत होता तो देश. आमच्याकडे परगावचा माणूस रात्री उशिरा वस्तीत येऊन 'जय भीम' म्हणाला की शेजारच्या घरून विहाराची किल्ली येते, सतरंजी अंथरली जाते, कोणीतरी ताट आणतं. विहार म्हणजे पोरांची अभ्यासिका, बायांची बैठक, पाहुण्यांची खोली. एका वस्तीत हे आहे, तर संपूर्ण देशच बौद्ध असलेल्या ठिकाणी मुक्कामाची काळजी करणं म्हणजे समुद्रावर जाताना घागर घेऊन जाणं. उर्वशीने वाद घातला नाही. तिने गुपचूप एका हॉस्टेलमधला एक पलंग बुक करून ठेवला आणि मामांच्या फोनमध्ये पत्ता घातला.

शेवटी तिने एक सल्ला दिला. "आणि मामाजी, कोणी विचारलं तर एकटा आलो असं सांगू नका. एकट्याला पाहून लोक फसवतात. सरळ म्हणायचं, वाइफ हॉटेलवर आहे."

मग बाबाराव म्हणाले, "बरं."

फोन ठेवल्यावर आपण काय बोललो ते उर्वशीला कळलं. पण तोवर सल्ला देऊन झाला होता, आणि सल्ला म्हणून तो चांगलाच होता.

नेरहून अमरावतीला एसटी जेवढा वेळ घेते, साधारण तेवढ्यात चेन्नईहून कोलंबो येतं. बाबारावांना परदेश इतका जवळ असेल असं वाटलं नव्हतं. काहीतरी राहून गेल्यासारखं वाटलं. विमानतळाच्या दाराबाहेर लोक नावांचे फलक घेऊन उभे होते. आपलं नाव कुठेच नसणार हे माहीत असूनही त्यांनी सगळे फलक वाचले. इंग्रजीतले वाचले, आणि वळणावळणाच्या तिथल्या अक्षरांतले नुसते पाहिले. मग ते बसमध्ये बसले.

बस गावात शिरली तशी त्यांना पहिली गोष्ट खटकली ती पाण्याची. डिसेंबर होता आणि हवा ओली होती. सदरा पाठीला चिकटला होता. आमच्याकडचं ऊन माणसाला वाळवतं, तिथलं भिजवत होतं. रस्त्याकडेच्या एका पाइपाच्या जोडातून पाणी वाहत होतं आणि तिथे कोणीही भांडं घेऊन उभं नव्हतं. बस पुढे गेली तरी बाबाराव मान वळवून त्या जोडाकडे पाहत राहिले. पुढे शहर म्हणून जे काही होतं, उंच इमारती, दुकानं, माणसांची दाटी, त्यात त्यांची नजर अडकेल असं काही सापडलं नाही. हिंदी कोणाला येत नव्हती. बाबारावांना आयुष्यात प्रथमच अशा ठिकाणी उभं राहावं लागलं, जिथे कोणीही त्यांना 'नळ कधी येते जी' असं विचारणार नव्हतं. नेरमध्ये याच प्रश्नाचा त्यांना वीट आला होता.

बस थांबली तिथे एक ऑटोवाला पुढे आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, गळ्यात मफलरसारखा टॉवेल. त्याने बाबारावांच्या हातातली बॅग पाहिली, मग त्यांच्या मागे पाहिलं, आणि विचारलं, "अलोन, सर? मॅडम?"

"वाइफ," बाबाराव म्हणाले. "हॉटेल."

"विच हॉटेल?"

दुसऱ्या वाक्याची तयारी बाबाराव करून आले नव्हते. त्यांनी फोनमधला हॉस्टेलचा पत्ता दाखवला आणि लगेच बोट दुसरीकडे करून म्हणाले, "फर्स्ट विहार."

ऑटोवाल्याने त्यांना एका मोठ्या, प्रसिद्ध विहारापाशी आणलं. दारात पांढऱ्या कपड्यांतल्या लोकांची रांग होती. बाबारावांचाही पांढराच सदरा, पांढरीच पँट. ते रांगेत उभे राहिले आणि आल्यापासून पहिल्यांदा त्यांना बरं वाटलं. ते अर्धं मिनिट टिकलं. दारावरच्या माणसाने त्यांना हळूच दंडाला धरून बाजूला घेतलं.

"कंट्री?"

"इंडिया."

त्याने खिडकीकडे बोट दाखवलं. तिथे परदेशी लोकांना तिकीट मिळत होतं.

"बुद्धिस्ट," बाबाराव छातीवर हात ठेवून म्हणाले.

माणूस हसला. चांगलं, सभ्य हसू होतं. रोज दहा जण जे सांगतात ते अकराव्याने सांगितल्यावर येतं तसं. आणि पुन्हा खिडकीकडे बोट केलं. बाबारावांनी तिकीट घेतलं. बुद्धाला भेटायला तिकीट काढणारा नेरमधला पहिला माणूस म्हणून त्यांची नोंद व्हायला हरकत नाही.

आत मूर्ती होत्या, सोनं होतं, फुलं होती, आणि एका बाजूच्या दालनात विष्णू होता. त्याच्या पलीकडे हार घातलेला गणपती. धम्मदीक्षेच्या ज्या बावीस प्रतिज्ञा बाबारावांनी शेकडो लोकांना म्हणायला लावल्या होत्या, त्यांच्या सुरुवातीलाच ज्यांना देव मानणार नाही असं नाव घेऊन म्हणतात, त्यांतले निदान दोघे इथे उदबत्तीच्या धुरात निवांत बसले होते. बोलणं सोडलेला भाऊबंद परगावच्या लग्नात अचानक पंगतीला शेजारी यावा, तसं झालं. बाबाराव तिथून वळले. कचेरीत एका तरुण भिक्खूसमोर त्यांनी दोन्ही तळवे गालाखाली धरून झोपण्याची खूण केली आणि जमिनीकडे बोट दाखवलं. भिक्खूने अतिशय आपुलकीने त्यांना एका लॉजचं छापील पत्रक दिलं.

"आपलेच लोक," बाबाराव स्वतःशी म्हणाले. रागाने नाही. पत्ता तपासून पाहावा तसं.

ऑटोवाला बाहेर थांबलेलाच होता. "हॉटेल, सर? मॅडम वेटिंग."

"येस," बाबाराव म्हणाले.

हॉस्टेलमध्ये उर्वशीने बुक केलेला पलंग खरोखरच फक्त पलंग होता, आणि तोही वरचा. एका खोलीत एकावर एक पलंग, दोऱ्यांवर वाळत घातलेले टॉवेल, भर दुपारी झोपलेली गोरी पोरं. बाबाराव शिडी चढून वर गेले. छत इतकं जवळ होतं की ताठ बसता येत नव्हतं. त्यांनी मान वाकवून घरून आणलेल्या दशम्या आणि मिरचीचा ठेचा खाल्ला. वासाने खालच्या पलंगावरची एक मुलगी जागी झाली, वर पाहून हसली.

"फर्स्ट टाइम?"

"येस. फर्स्ट."

"नाइस. व्हॉट आर यू गोइंग टू सी?"

काय पाहायला आलात? बाबारावांनी विचार केला. खाली बसायला आलो, हे इंग्रजीत कसं सांगायचं ते त्यांना येत नव्हतं, आणि मराठीतही ते उर्वशीशिवाय कोणाला कळलं नव्हतं. "सी," ते म्हणाले. "समुद्र." मुलीने मान डोलावली आणि पुन्हा झोपली. त्या दिवसातलं त्यांचं सगळ्यांत लांबलेलं संभाषण ते हेच.

सकाळी फाटकाशी तोच ऑटोवाला उभा. गिऱ्हाईक कुठे उतरलं हे त्याला माहीत होतं आणि गिऱ्हाईकाला दुसरं कोणी माहीत नव्हतं, त्यामुळे व्यवहार पक्का होता.

"गुड मॉर्निंग, सर. मॅडम नो कमिंग?"

बाबारावांनी कपाळाला हात लावला. "हेडेक."

ऑटोवाल्याने चुकचुकत मान हलवली. वाटेत त्याने एका गाड्यापाशी ऑटो थांबवला आणि पिवळसर रंगाचं एक शहाळं घेऊन बाबारावांच्या मांडीवर ठेवलं. "फॉर मॅडम. हेडेक गुड." पैसे द्यायला गेले तर घेतले नाहीत.

"मले तिथंच उतरून जावं वाटलं," बाबाराव मला सांगत होते. "तुळसाचं डोकं दुखे तवा मी कधी तिले असं काही आनून देल्लं नाही. अमृतांजन लाव म्हनो, अन् चावी घेऊन निंघो."

"मग सांगून टाकायचं त्याला."

"काय सांगाव? आता तं तिचं डोकं दुखून राह्यलतं नं."

'स्मॉल विहार, नो टिकट' एवढ्या शब्दांत बाबारावांनी आपली गरज सांगितली. ऑटोवाल्याने थोडा विचार केला आणि त्यांना आपल्याच वस्तीतल्या विहारात नेलं. गल्लीच्या टोकाला बसकं कौलारू घर, अंगण झाडलेलं, चपला काढायच्या जागेशेजारीच विष्णूची खोली, तिला पडदा. बाबारावांनी पडद्याकडे पाठ करून बूट काढले. आत एक कुटुंब आलेलं होतं. म्हातारे, पोरंसोरं, सुना, सगळे पांढऱ्यात. त्यांच्या आईला जाऊन काही वर्षं झाली होती आणि आज भिक्खूंच्या भोजनदानाचा दिवस त्यांचा होता. ऑटोवालाही चपला काढून दाराशी येऊन बसला.

विहाराचे थोरले भन्ते सारनाथला शिकलेले निघाले. त्यांनी बाबारावांना पाहून हिंदीत विचारलं, "आप इंडिया से? कहाँ से?"

दोन दिवसांत पहिल्यांदाच कळणारी भाषा कानावर पडली, तसे बाबाराव दोन पावलं पुढे सरकले. "नागपूर के पास," ते म्हणाले. नेर सांगितलं असतं तर दारव्हा, बडनेरा, सगळंच सांगावं लागलं असतं.

"अच्छा, नागपूर. कितने लोग आए हैं?"

"मैं अकेला." हे सांगताना त्यांनी दाराकडे पाहिलं. ऑटोवाल्याला हिंदी येत नव्हती. "भन्तेजी, मेरी औरत गई. उसका पुण्यानुमोदन करना है. और मेरे को नीचे बैठना है."

"नीचे तो सब बैठते हैं," भन्ते जरा गोंधळून म्हणाले. मग त्यांनी नाव विचारलं. तुळसाबाई. ते कुटुंबाकडे वळून त्यांच्या भाषेत काही बोलले. त्यांच्या मोठ्या मुलीने काहीही न विचारता सरकून चटईवर जागा केली. सगळ्यांच्या माना बाबारावांकडे वळल्या, आणि दाराशी बसलेल्या ऑटोवाल्याचीही. भन्ते काय बोलले ते बाबारावांना कळलं नव्हतं. पण ऑटोवाल्याला ते कळलं आहे, एवढं कळलं.

भन्तेंनी त्रिशरण-पंचशील सुरू केलं.

बाबाराव हळू म्हणणार होते, तोंडातल्या तोंडात. तसं त्यांनी वाटेत ठरवलंही होतं. पण गळा ठरावाने चालत नाही. वर्षानुवर्षं मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय झालेला तो आवाज चटईवरून उठला आणि त्या बसक्या घरात भरून राहिला. शब्द तेच, चाल मात्र वऱ्हाडची. पुढच्या बाया म्हणायच्या थांबल्या. पोरं वळून पाहू लागली. बाबाराव पाचही शीलं पूर्ण करूनच थांबले, कारण मधे थांबणं त्यांना कोणी शिकवलं नव्हतं.

भन्तेंचा चेहरा फुलला होता. "अरे, आपको तो सब आता है." त्यांनी आपल्या शेजारची जागा हाताने साफ केली. "आइए, आगे आइए. नागपूर से आए हैं, आज गाथा आप बोलिए. हम सब सुनेंगे."

कुटुंबातली माणसंही हसून मागे सरकत वाट करून देऊ लागली. मान होता. तोच, जुना, ओळखीचा मान. इंद्रजित पांढरकवड्याला राहिला होता आणि समुद्र मधे पडला होता, तरी तो बाबारावांना शोधत इथवर आलाच होता.

"नहीं भन्तेजी," बाबाराव म्हणाले. "मेरे को नहीं आता."

"अभी तो बोले."

"उतनाच आता है."

पाच शीलांपैकी चौथं खोटं न बोलण्याचं आहे. ते त्यांनी नुकतंच, सगळ्यांत मोठ्या आवाजात, घेतलं होतं.

भन्तेंनी त्यांच्याकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं, असं बाबाराव म्हणतात. मग म्हणाले, "ठीक है. बैठिए."

आणि बाबाराव बसले.

भिक्खूंचं जेवण झालं. मग एक पाण्याची झारी आली आणि ताटलीत ठेवलेली एक वाटी. तिथली रीत अशी, की घरच्या सगळ्यांनी झारीला हात लावून ते पाणी वाटीत ओतायचं आणि केलेलं पुण्य गेलेल्या माणसाला द्यायचं. ज्यांचा हात झारीपर्यंत पोचत नाही त्यांनी पुढच्याला शिवायचं. सगळं घर असं एकमेकांना धरून बसलं. बाबाराव हात मांडीवर ठेवून होते. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने मागे न बघता त्यांचं मनगट धरलं आणि स्वतःच्या खांद्यावर ठेवलं. पाणी पडू लागलं. वाटी भरली, काठावरून ताटलीत सांडू लागली, तरी कोणी हात आखडता घेतला नाही. ते सांडायचंच असतं. बाबारावांचा मोकळा हात तेवढा वॉल बंद करायला निघाल्यासारखा एकदा हलला.

भन्ते म्हणत होते. त्या कुटुंबाची नावं आली, त्यांच्या आईचं आलं, आणि मग तुळसाबाईंचं.

"वर बसलेल्या मानसाले काम असते जी," बाबाराव मला म्हणाले. त्यांचा चहा गार झाला होता. "पुढचा शब्द कोनता, दम कुठं घ्यायचा, मांगच्याले आयकू येते का नाही. मले वाटे, मी लोकायच्या दुःखात बसून राह्यलो. मी कामात बसलो होतो. खाली बसलं का पुढचा शब्दच नसते. नुसती तुळसा गेलेली असते."

"मग?"

"मंग काही नाही. रुमाल बॅगमंधी राह्यलता."

त्या कुटुंबाने त्यांना जेवायला बसवलं. भात, फणसाची भाजी, खोबऱ्याचं काहीतरी, ते आग्रह करकरून वाढत होते. मग ती माणसं आपल्या आईच्या आठवणी काढायला लागली असावीत, कारण मधेच सगळे हसत आणि एखादी सून डोळे पुसे. बाबारावांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं. ते जेवत राहिले. तुळसाबाईंबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडेही पुष्कळ होतं, पण जिला सांगितलं असतं ती तीच होती. निघताना बुटांची लेस अडकली, त्यामुळे विष्णूच्या पडद्यासमोर त्यांना बराच वेळ बसावं लागलं. या खेपेला ते पाठ फिरवायला विसरले.

ऑटोत शहाळं सीटवर तसंच होतं. पुढच्या गाड्यापाशी थांबून ऑटोवाल्याने ते फोडून आणलं, नळी घातली आणि बाबारावांच्या हातात दिलं. स्वतः पाठ करून उभा राहिला, जणू रस्त्यावर पाहण्यासारखं काही होतं. बाबाराव प्यायले. हॉस्टेलच्या फाटकाशी त्याने फक्त "ओके, सर" म्हटलं.

संध्याकाळी उर्वशीचा फोन आला.

"झालं का मामाजी?"

"झालं."

"बसायला मिळालं?"

"मिळालं."

"मग आता दोन दिवस आहेत, छान फिरा. काय काय पाहिलं ते सांगा मला."

"फिरून राह्यलो नं," वरच्या पलंगावर मान वाकवून बसलेले बाबाराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑटोवाला फाटकाशी हजर होता. बाबाराव बाहेर आले आणि सवयीने थांबले. त्याने विचारलं नाही. गुड मॉर्निंग म्हणाला, सीट पुसली, आणि बाबारावांच्या मागे, दाराकडे, पाहिलंसुद्धा नाही. मॅडमचा प्रश्न आता येणार म्हणून दोन दिवस बाबाराव उत्तर जुळवून ठेवत होते. तो आला नाही, तेव्हा त्यांना कळलं की या गावात एवढाच एक माणूस तुळसाबाईंची चौकशी करीत होता. नेरमध्ये त्यांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. कोलंबोत त्या परवापासून होत्या, हॉटेलवर, डोकं धरून पडलेल्या, आणि काल दुपारी गेल्या.

"व्हेअर, सर?" ऑटोवाल्याने आरशातून विचारलं.

सांगायला जागाच नव्हती. ज्यासाठी आले ते झालं होतं आणि विमान उद्याचं होतं. बाबारावांनी हाताने समोरची दिशा दाखवली. ऑटोवाला कुठेही न वळता नीट समोर चालवत गेला, आणि रस्ता समुद्रापाशी संपला तिथे त्याने ऑटो उभा केला.